वरच्या मजल्यावर कुणीच राहत नाही

दुबई ते न्यूयॉर्क, चौदा तास, एअरबस ए३८०, वरचा मजला, बिझनेस क्लास. असा एखादा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असणार. रात्री अकराला, झोपायचं म्हणून फोन हातात घेतल्यावर, किंवा कल्याण लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरून. तिकीट काढायचं नसतं, जायचंही नसतं, तरी खुर्चीचा पलंग कसा होतो हे आपण शेवटपर्यंत पाहतो. मी हे व्हिडिओ गेली सात-आठ वर्षं पाहतेय. एव्हाना मला ते साहित्यप्रकारच वाटू लागलेत. त्यांना ठरलेलं व्याकरण आहे, गाजलेल्या कृती आहेत. आणि एक मोठी रिकामी जागा आहे, जिच्याबद्दल मला लिहायचंय.

व्याकरण आधी. सुरुवात लाउंजमध्ये. मग विमानात शिरताना डावीकडे किंवा वर वळणं. मग खुर्ची: चार्जिंगचा पॉइंट कुठे, बूट ठेवायला जागा आहे का, मिनीबारमध्ये काय काय. मग गरम टॉवेल, मेनूकार्ड, पांढरं टेबलक्लॉथ. मग बटण दाबल्यावर खुर्ची हळूहळू आडवी होते. लावणीत ढोलकीवर थाप पडावी तसा हा क्षण, सगळे त्याचीच वाट बघत असतात. मग टॉयलेट, मग सकाळचा नाश्ता, शेवटी दहापैकी गुण. न्यूयॉर्क आलं की व्हिडिओ संपतो. ज्या गावासाठी माणूस निघाला, ते गाव या प्रवासवर्णनात नसतंच.

गाव नाही याची मला फारशी खंत नाही. मला खटकतं ते माणसं नसणं. हे व्हिडिओ आवाज बंद करून पाहा. पन्नास-शंभर माणसं असलेल्या केबिनमध्ये तुम्हाला चेहरे दिसत नाहीत. केबिन क्रू दिसतो तो हातांपुरता: ग्लास ठेवणारा हात, ताट उचलणारा हात. शेजारच्या प्रवाशाचं फार तर कोपर. परक्या माणसाचं चित्रीकरण करू नये हा सभ्यपणा आहे, मान्य. पण चेहरा न दाखवताही माणसाबद्दल बोलता येतं. इथे बोललंच जात नाही.

या प्रकारातली सर्वांत गाजलेली कृती बहुधा केसी नाइस्टॅटचा २०१६चा व्हिडिओ. शीर्षकातच एकवीस हजार डॉलरची खुर्ची. बिझनेसचं तिकीट असलेल्या या माणसाला एमिरेट्सच्या ए३८० मध्ये फर्स्ट क्लासला बसवलं जातं आणि तो जत्रेत सोडलेल्या पोरासारखा वागतो. सगळी बटणं दाबतो, विमानात शॉवर घेतो. मला तो व्हिडिओ आजही आवडतो, कारण त्यात अप्रूप आहे. आपण इथले नाही, हे त्याच्या तोंडावर दिसतं. त्याच्यानंतर हा प्रकार पट्टीच्या जाणकारांच्या हातात गेला. त्यांना आसनक्रमांक पाठ असतात, मागच्या वर्षीपेक्षा उशी पातळ झाली हेही कळतं. माहिती वाढली आणि अप्रूप गेलं. कीर्तनकाराच्या जागी तपासनीस आला.

या जाणकारीची मर्यादा जेवणाच्या वेळी दिसते. "सॉस थोडा अळणी," असं म्हणून गुण कापले जातात. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तसा असतो. कळसूबाईचं शिखर साडेपाच हजार फुटांच्या आत आहे. म्हणजे आपण कळसूबाईच्या डोक्यावरून आणखी वर चढून, वाळवंटासारख्या कोरड्या हवेत जेवत असतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अशा हवेत मीठ आणि साखर जिभेला कमी जाणवतात. अळणी सॉस होता की जीभ, हा साधा प्रश्न या समीक्षेत येत नाही. विमान म्हणजे उडणारं हॉटेल, असं एकदा ठरवल्यावर विमान दिसेनासंच होतं.

आता ती खुर्ची. तीही एक संहिता आहे आणि तिचा इतिहास वाचण्यासारखा आहे. बिझनेस क्लास जन्माला आला १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात. पूर्ण भाडं भरणारे नोकरदार प्रवासी स्वस्त तिकीटवाल्यांच्या शेजारी बसून कुरकुरत होते; त्यांना वेगळं बसवायचं, इतकीच मूळ कल्पना. पलंग नंतर आला, पडदा आधी. २००० साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी खुर्ची आणली. जागा वाचवण्यासाठी शेजारच्या दोन खुर्च्यांची तोंडं विरुद्ध दिशांना होती. मधली जाळी उड्डाणाच्या वेळी खाली ठेवावी लागे, त्यामुळे हजारो पाउंड मोजलेली दोन अनोळखी माणसं काही मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसत. मला हा या इतिहासातला सर्वांत मानवी प्रसंग वाटतो. बाजाराने तोही दुरुस्त केला. २०१७ मध्ये कतार एअरवेजने बिझनेस क्लासच्या आसनाला सरकतं दार लावलं.

पडदा, जाळी, दार. या क्रमातला शेवटचा टप्पा म्हणजे वेगळा मजला. एमिरेट्सच्या तीन वर्गांच्या ए३८० मध्ये वर फर्स्टच्या १४ आणि बिझनेसच्या ७६ जागा, शिवाय मागे बार. खाली इकॉनॉमीच्या सुमारे चारशे. दुबईत २०१३ साली खास ए३८० साठी बांधलेल्या इमारतीत लाउंजमधून थेट वरच्या मजल्यावर चढता येतं. म्हणजे वरचा प्रवासी चौदा तास चारशे माणसांच्या डोक्यावर बसतो आणि त्यांतल्या एकाचंही तोंड त्याला पाहावं लागत नाही.

टोरांटो आणि हार्वर्ड विद्यापीठांतल्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. फर्स्ट क्लास असलेल्या विमानांत इकॉनॉमीतल्या भांडणांचं प्रमाण जास्त असतं, आणि इकॉनॉमीच्या प्रवाशांना त्या केबिनमधून चालत जावं लागलं तर आणखी वाढतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आकडेमोडीवर नंतर आक्षेप घेतले गेले, त्यामुळे मी त्याला अंतिम सत्य मानत नाही. पण खरं असो वा नसो, ए३८० ने ती अडचण जिन्याने सोडवून टाकली. विषमता तेवढीच राहिली, फक्त नजरेआड झाली.

एमिरेट्सची २०१५ची जाहिरात आठवते? जेनिफर ॲनिस्टन बाथरोब घालून विमानात शॉवर शोधतेय आणि हवाई सेविका तिला हसतायत. मग ती दचकून जागी होते. दुःस्वप्न होतं, ती सुखरूप एमिरेट्सच्या विमानातच आहे. विनोद छान जमलाय. पण त्या दुःस्वप्नात भीतिदायक असं काय आहे? शॉवर नसलेलं, बार नसलेलं साधं विमान. जगातले बहुतेक प्रवासी जे विमान वापरतात, तेच.

इथे चंगळवादावर एक परिच्छेद लिहून मोकळं होता येईल. मला ते पटत नाही. माझी मावशी सत्तरीची आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी, मग नातवासाठी, ती तीनदा मुंबईहून दुबईमार्गे न्यू जर्सीला गेली. व्हिडिओत वरच्या मजल्यावर शॅम्पेन ओतलं जात असतं, त्याच विमानाच्या खालच्या मजल्यावर ती मधल्या सीटवर बसली होती. उतरल्यावर दोन दिवस पाय सुजलेले. आडवं होऊन झोपायला मिळणं ही तिच्यासाठी चैन नाही. मी स्वतः एकदा ऑफिसच्या खर्चाने त्या पलंगावर झोपले आहे आणि तो अतिशय चांगला आहे. जागतिक बँकेच्या २०१३च्या एका अभ्यासानुसार बिझनेसच्या प्रवाशाचा कार्बनभार इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट असतो, कारण जागा तेवढी जास्त लागते. हेही खरं, आणि मावशीचे गुडघेही खरे. रिव्ह्यूमध्ये दोन्ही नसतात.

मग आपण हे पाहतो का? शॅम्पेनसाठी नाही, असं माझं मत आहे. माझ्या ओळखीतले हे व्हिडिओ पाहणारे बहुतेक जण वन-बीएचकेमध्ये चार-पाच माणसांत वाढलेत. हॉलमध्ये गादी घालून झोपलेत, फोनवर बोलायला जिन्यात गेलेत. त्यांच्यासाठी या व्हिडिओतली सर्वांत मोहक वस्तू ते सरकतं दार आहे. एक माणूस, एक पलंग, एक दिवा. चौदा तास कुणी हाक मारणार नाही. या साहित्यप्रकाराचा खरा विषय एकांत आहे. एकांताची भूक लाजिरवाणी नाही. पण हा प्रकार आपल्याला सांगतो की एकांत फक्त विकत मिळतो, आणि तोही बाकीच्यांना खाली ठेवून. हे निमूट ऐकून घेणं मला जड जातं.

कारण प्रवासाबद्दल लिहिण्याची आपली परंपरा याच्या नेमकी उलट आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. 'माझा प्रवास' आजही वाचला जातो, कारण वाटेत भेटलेल्या प्रत्येक माणसाने त्यांचा बेत बदलला. गांधींनी १९१७ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गावर लिहिलं. तोही एका अर्थी आसनाचा रिव्ह्यूच होता. गर्दी, घाण, संडास, चहा, सगळ्याची नोंद त्यात आहे. पण तिथे लिहिणारा ज्या डब्यात बसलाय, त्या डब्यातल्या सगळ्यांच्या वतीने बोलतो. आजचा रिव्ह्यूकार फक्त पुढच्या ग्राहकाशी बोलतो.

आणि वरचा मजला हवेत एकटा उडत नाही, हे शेवटी खुद्द बाजारानेच दाखवलं. सगळ्या खुर्च्या इकॉनॉमीच्या बसवल्या तर ए३८० मध्ये ८५३ प्रवासी नेण्याची परवानगी आहे. तसं कुणी केलं नाही. वरच्या पलंगांना जागा हवी होती. पण एवढं मोठं विमान रोज भरायला खालचे शेकडो लोक लागतातच, आणि बऱ्याच कंपन्यांना ते गणित जमलं नाही. २०१९ मध्ये एअरबसने उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. २०२१च्या डिसेंबरमध्ये शेवटचं विमान एमिरेट्सला मिळालं. एकूण २५१ विमानं ग्राहकांच्या हाती गेली, त्यांतली जवळपास निम्मी एकट्या एमिरेट्सकडे.

ए३८० मध्ये दोन जिने असतात, एक पुढे, एक मागे. इतक्या व्हिडिओंमध्ये मी ते पाहिलेत, पण कॅमेरा जवळजवळ नेहमी वर चढताना असतो. मला एक रिव्ह्यू असा हवाय, जो रात्री सगळे झोपल्यावर मागच्या जिन्याने खाली उतरतो. पलंगाला दहापैकी नऊ खुशाल द्यावेत. मग खाली कोण जागं आहे, कुठे निघालंय, कुणाचे पाय सुजलेत, तेवढं विचारून यावं.