गावाकडच्या हिरोचा अँटेना

दुबईत, लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहत असाल, तर एखादा फिलिपिनो सहकारी किंवा शेजारी तुमच्या ओळखीचा असणारच. त्याला सहज विचारून बघा, ‘कार्दो दालिसाय कोण?’ बहुधा आधी हसू येईल आणि मग दहा मिनिटं गोष्ट ऐकायला मिळेल. ‘आंग प्रोबिन्स्यानो’ म्हणजे ‘गावाकडचा’. ही मालिका सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, ऑगस्ट २०२२ मध्ये संपली, आणि मधल्या काळात तिचे १,६९६ भाग झाले. आपल्याकडच्या ‘ही मालिका संपणार कधी?’ या विनोदाला पुरून उरेल असा हा आकडा आहे.

पण आज बोलायचंय ते एकाच वर्षाबद्दल, २०२० बद्दल. ही मालिका जिथे लागायची ते एबीएस-सीबीएन म्हणजे तेव्हाचं फिलिपिन्समधलं सगळ्यात मोठं चॅनल, आणि त्या वर्षी ते हवेतून उतरवलं गेलं. मालिका आणि ही घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की लोकप्रिय टीव्हीकडे आपण किती अर्धवट बघतो ते कळतं.

आधी मालिका. ती फर्नांडो पो ज्युनियर यांच्या त्याच नावाच्या सिनेमावर बेतलेली आहे. पोलिसातला जुळा भाऊ मारला जातो आणि कार्दो (कोको मार्टिन) त्याची जागा घेतो. पुढची सात वर्षं तो मार खातो, मरता मरता वाचतो, कधी पोलीस असतो, कधी फरार. घरी आजी वाट बघत असते. ती भूमिका केली होती सुझान रोसेस यांनी, म्हणजे मूळ सिनेमाच्या नायकाच्या पत्नीनं. गुंड, भ्रष्ट अधिकारी, राजकारणी असे खलनायक रांगेनं येतात आणि रांगेनं संपतात.

ही मालिका पोकळ होती असं म्हणणं सोपं आहे, आणि अगदी खोटंही नाही. पण ती भित्री नव्हती. दुतेर्ते यांची अमली पदार्थांविरुद्धची मोहीम चालू असताना, रोज संध्याकाळी पडद्यावर भ्रष्ट पोलीस दाखवणं ही साधी गोष्ट नव्हे. २०१८ मध्ये पोलीस दलानं आणि गृहखात्यानं या चित्रणावर जाहीर नाराजी दाखवली, कायदेशीर कारवाईची भाषाही झाली. शेवटी समेट झाला.

माझी तक्रार वेगळी आहे. ‘राजा चांगला, प्रधान वाईट’ हे आपल्या गोष्टींतलं सूत्र तुम्हाला माहीत आहे. प्रोबिन्स्यानो त्याच सूत्रावर चालते. मालिकेतला राष्ट्राध्यक्ष मनानं भला, त्याच्याभोवतीची माणसं कपटी. आधी उपराष्ट्राध्यक्ष खुर्ची बळकावतो, पुढे पत्नीच कट रचते. दुष्ट माणूस हटवला की सगळं ठीक. व्यवस्था अशी काही चीज असते, ती चांगल्या माणसांच्या हातूनही वाईट कामं करवून घेते, हे कार्दोला कधी कळत नाही. कळून उपयोगही नाही, कारण व्यवस्थेला गुद्दा मारता येत नाही.

आता २०२०. फिलिपिन्समध्ये चॅनल चालवायला संसदेचा कायदा लागतो. एबीएस-सीबीएनला १९९५ मध्ये २५ वर्षांचा परवाना मिळाला होता. नूतनीकरणाची विधेयकं संसदेत पडून होती. २०१६ च्या निवडणुकीतल्या आपल्या जाहिराती चॅनलनं दाखवल्या नाहीत, असा दुतेर्ते यांचा जुना राग होता आणि तो ते लपवतही नव्हते. फेब्रुवारीत सरकारच्या महाधिवक्त्यानं परवान्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ४ मे रोजी मुदत संपली. ५ मे रोजी दूरसंचार आयोगानं प्रक्षेपण थांबवण्याचा आदेश दिला, आणि त्याच संध्याकाळी बातम्यांनंतर ७ वाजून ५२ मिनिटांनी चॅनल बंद झालं. देशात तेव्हा लॉकडाऊन होता. १० जुलैला संसदीय समितीनं ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

याआधी हे चॅनल बंद झालं होतं ते १९७२ मध्ये, मार्कोस यांच्या मार्शल लॉच्या वेळी. तेव्हा सैनिक आले होते. या वेळी आला तो कागद. मुदत, विधेयक, समिती, आदेश, प्रत्येक पायरीवर कोणीतरी फक्त ‘नियम पाळत’ होतं. कोको मार्टिननं सोशल मीडियावर उघड संताप व्यक्त केला. त्याचा राग खरा होता, पण भाषा कार्दोचीच होती: दुष्ट माणसं शोधा. जी मालिका सात वर्षं सत्तेबद्दल बोलली, तिच्याकडे स्वतःवर आलेलं संकट समजावून सांगायला व्याकरणच नव्हतं. मला हे तिचं सगळ्यात मोठं अपयश वाटतं.

दुसरी बाजूही बघायला हवी. हे चॅनल म्हणजे लोपेझ घराण्याचं साम्राज्य. कंत्राटी कामगारांना कसं वागवलं जातं, आणि माध्यमांची मालकी पूर्णपणे फिलिपिनो असली पाहिजे हा संविधानाचा नियम नीट पाळला का, हे प्रश्न सुनावणीत आले आणि ते पोरकट नव्हते. पण कामगारांवर अन्याय होतो म्हणून कामगारांचीच नोकरी घालवायची, हा कुठला न्याय?

आणि आता तुमच्या-माझ्याशी संबंध येतो तो मुद्दा. परदेशातल्या फिलिपिनोंसाठी त्या दिवशी फारसं काही बंद पडलं नाही. त्यांचं ‘द फिलिपिनो चॅनल’ चालूच राहिलं. देशातही जूनमध्ये केबलवर नवं चॅनल आलं, प्रोबिन्स्यानो परतली. ऑगस्टपासून इंटरनेटवर थेट प्रसारण सुरू झालं. ‘मग गेलं काय?’ असं इथे बसून वाटणं अगदी साहजिक आहे. आपणही मराठी मालिका ॲपवर बघतो, जाहिरात आली की पुढे ढकलतो. टीव्ही म्हणजे आपल्यासाठी पासवर्ड.

गेला तो अँटेना. भारतात खासगी चॅनलला जमिनीवरच्या मनोऱ्यावरून प्रक्षेपण कधी करूच दिलं नाही, ते फक्त दूरदर्शनकडे राहिलं. म्हणून आपल्याला ही गोष्ट पटकन उमगत नाही. फिलिपिन्समध्ये छपरावर तार लावली की प्रोबिन्स्यानो फुकट दिसायची. ज्याच्याकडे केबल नाही आणि डेटाचे पैसे मोजून वापरावे लागतात, त्याच्यासाठी ‘ऑनलाइन आहे ना’ हे उत्तर नसतं. जूनअखेर डिजिटल सेट-टॉप सेवेवरही बंदी आली. तिच्यावर शैक्षणिक चॅनल दिसायचं, आणि ऑक्टोबरमध्ये शाळा सुरू झाल्या त्या वर्गांशिवाय. ऑगस्टमध्ये प्रादेशिक बातमीपत्रं बंद झाली, त्यात बिकोलचंही होतं. १ नोव्हेंबरला रोली वादळ त्याच बिकोलमधल्या कातान्दुआनेस बेटावर आदळलं. इतर चॅनलं होती, रेडिओ होता. पण तुमच्या भागातल्या माणसानं तुमच्या बोलीत दिलेली एक बातमी कमी झाली होती.

म्हणून एक सुचवतो. आपल्या ‘भिकार’ मालिकांवर आपण व्हॉट्सॲपवर हसतो, तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवूया. ही मालिका काय सांगते? आणि ती कुणापर्यंत फुकट पोचते? पहिल्या प्रश्नावर प्रोबिन्स्यानोला मी काठावर पास करीन. दुसऱ्यावर तिला पैकीच्या पैकी मिळाले असते, मे २०२० पर्यंत. समीक्षक म्हणून आपण पहिल्यावर पानंच्या पानं लिहितो. दुसऱ्याचा निकाल समित्या लावतात, आणि त्या वेळी आपण बहुधा ॲपवर दुसरं काहीतरी बघत असतो.