बचावाच्या क्रमवारीवर विसंबावे किती?

अमेरिकेत दर वर्षी फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की लक्षावधी माणसे आठवड्यातून एकदा एका तक्त्याकडे डोळे लावून बसतात. नॅशनल फुटबॉल लीगमधील ३२ संघांपैकी कोणत्या संघाचा बचाव प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या खेळाडूला सरासरी किती गुण मिळवू देतो, याचे १ ते ३२ असे क्रमांक या तक्त्यात लावलेले असतात. पुष्कळदा दुबळे बचाव हिरव्या रंगात आणि भक्कम बचाव लाल रंगात छापलेले असतात. हिरवा रंग दिसला की आपला खेळाडू मैदानात उतरवायचा, लाल दिसला की त्याला बाकावर बसवायचे, इतका सोपा हा सल्ला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो कितपत टिकतो, हे आपण येथे तपासून पाहू.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. या फुटबॉलचे आपल्याकडील फुटबॉलशी नावापलीकडे फारसे साम्य नाही. चेंडू हातात घेऊन धावायचे किंवा तो फेकून साथीदाराकडे पोहोचवायचा, असे हे स्वरूप. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख आणि त्यांच्या मित्रांनी १९६२ मध्ये त्यावर आधारलेला एक बैठा खेळ रचला; तोच आजचा फँटसी फुटबॉल. यात प्रत्येकजण खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदी संघ निवडतो. त्या खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात जी कामगिरी केली तिचे गुण त्याला मिळतात. प्रचलित पद्धतीत धावून मिळवलेल्या दर १० यार्डांना १ गुण आणि चेंडू अंतिम रेषेपार नेल्यास ६ गुण असतात. संघात खेळाडू जास्त आणि उतरवायच्या जागा कमी, त्यामुळे दर आठवड्याला कोणाला घ्यावे हा प्रश्न पडतो आणि हा तक्ता पुढे येतो.

आमचा पहिला आक्षेप सामन्यांच्या संख्येवर आहे. २०२१ पासून प्रत्येक संघ हंगामात १७ सामने खेळतो. म्हणजे पाचव्या आठवड्यात जी क्रमवारी छापली जाते, तिच्या मागे प्रत्येक संघाचे जेमतेम चार सामने असतात. चार निरीक्षणांवरून काढलेली सरासरी किती डळमळीत असते हे वर्गात सहज दाखवता येईल. ३२ विद्यार्थी म्हणजे ३२ संघ समजा. प्रत्येकाने एक फासा सहा वेळा टाकून बेरीज करावी. ती बेरीज म्हणजे त्या संघाने एका सामन्यात दिलेले गुण. अशा चार बेरजा करून त्यांची सरासरी काढावी. येथे सर्व संघ तंतोतंत सारखे आहेत, कारण फासा एकाच प्रकारचा आहे. अपेक्षित सरासरी सर्वांचीच २१. तरीही फळ्यावर क्रमवारी मांडली तर सर्वांत 'दुबळ्या' संघाची सरासरी २५ च्या आसपास आणि सर्वांत 'भक्कम' संघाची १७ च्या आसपास निघेल. एकाला हिरवा रंग मिळेल, दुसऱ्याला लाल. पुढच्या चार फेऱ्या टाकून पाहाव्यात. पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी कोठेही जाऊन पडेल.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसते. मधल्या १६ संघांच्या, म्हणजे साधारण नवव्यापासून चोविसाव्यापर्यंतच्या सरासऱ्या केवळ ३ गुणांच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेल्या असतात. दहावा आणि बाविसावा यांत बारा क्रमांकांचे अंतर दिसते, पण गुणांचे अंतर नगण्य असते. क्रमांक लावला की अंतर लपते. शिक्षकांना हे अपरिचित नाही. दहावीला २० विद्यार्थी बसवणाऱ्या शाळेचा निकाल एका वर्षी १०० टक्के लागतो आणि पुढच्या वर्षी दोन मुले नापास होताच ९० वर येतो. तेवढ्यावरून शाळा घसरली असे म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावे, हा प्रश्न याच जातीचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. बचावाने 'दिलेले' गुण हे समोर कोण होते यावरही अवलंबून असतात. २०२० च्या हंगामात टेनेसीचा डेरिक हेन्री याने एकूण २०२७ यार्ड धाव घेतली. त्यांपैकी २१२ आणि २५० अशा ४६२ यार्ड एकट्या ह्यूस्टनविरुद्धच्या दोन सामन्यांत. दोन्ही संघ एकाच गटात असल्याने त्यांची गाठ दर वर्षी दोनदा पडतेच. ह्यूस्टनचा बचाव त्या वर्षी दुबळा होता हे खरे. पण या ४६२ पैकी ह्यूस्टनचा दुबळेपणा किती आणि हेन्रीची ताकद किती, हे सरासरीचा आकडा सांगत नाही. तो दोन्ही एकत्र करून ह्यूस्टनच्या खाती टाकतो.

याहून मौजेची गोष्ट अशी, की चांगला संघही या तक्त्यात दुबळा ठरू शकतो. आघाडी घेतलेल्या संघाविरुद्ध प्रतिस्पर्ध्याला घाई असते. तो धावणे सोडून चेंडू फेकू लागतो, अधिक वेळा फेकतो, आणि झेल घेणाऱ्यांचे गुण वाढतात. तक्ता म्हणतो, या संघाचा बचाव झेलकऱ्यांपुढे ढिला आहे. कारण आणि परिणाम यांची अशी गल्लत करणाऱ्या तक्त्याला विश्लेषण म्हणणे आम्हांला पटत नाही.

मग आकडे फेकून द्यावेत काय? तसे नाही. टोकाची निरीक्षणे पुढच्या वेळी मध्याकडे सरकतात, हे फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ मध्ये आईबाप आणि मुले यांच्या उंचीवरून दाखवले होते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७० च्या बेसबॉल हंगामातील १८ फलंदाज घेतले. पहिल्या ४५ संधींमधील प्रत्येकाची सरासरी त्यांनी सर्वांच्या सामाईक सरासरीकडे ओढून घेतली आणि उरलेल्या हंगामाचे भाकीत केले. वर्गित चुकांची एकूण बेरीज कच्च्या सरासरीच्या मानाने साडेतीन पटींनी कमी भरली. १८ पैकी १६ जणांबाबत ओढलेला अंदाज सरस ठरला. रॉबर्टो क्लेमेंटे हा अपवादांपैकी एक: .४०० वरून त्याला .२९ च्या घरात आणले होते, उरलेल्या हंगामात तो .३४६ वर राहिला. असामान्य माणसावर ही रीत थोडा अन्याय करते, हेही सांगितले पाहिजे.

हीच रीत बचावाला लावू. समजा, संघांमधील खरा फरक २ गुणांच्या प्रमाण विचलनाइतका आहे आणि एकेका सामन्यातील चढउतार ८ गुणांचा आहे. चार सामन्यांनंतर विश्वासाचा गुणक ४ भागिले (४ + १६), म्हणजे ०.२ येतो. सर्वसाधारण सरासरी २२ असताना एखादा संघ ३० गुण देत असेल, तर त्याच्याकडून पुढे अपेक्षा ३० ची नव्हे, २३.६ ची. आठ गुणांचा दिसणारा फायदा १.६ वर आला. दर सामन्याला चार गुण अधिक मिळवणारा खेळाडू एवढ्यासाठी बाकावर बसवणे परवडत नाही. दोन खेळाडू अगदी तुल्यबळ असतील तर तक्ता जरूर पाहावा. नाणेफेकीपेक्षा तो बरा.

आपल्याकडे क्रिकेटवर याच धर्तीचे खेळ मोठ्या प्रमाणावर चालत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. परंतु 'अमुक गोलंदाजीविरुद्ध तमुक फलंदाजाची सरासरी' छापणारे रकाने सुरूच आहेत, आणि वरच्या वर्गांतील मुले ते बारकाईने वाचतात. सरासरीच्या शेजारी डावांची संख्या छापावी, एवढी साधी अपेक्षाही हे रकाने नेहमी पुरी करत नाहीत.

वरील गणितात गुणक ०.५ वर यायला १६ सामने लागतात. तोवर १७ सामन्यांचा हंगाम संपत आलेला असतो, आणि पुढच्या वर्षी बचावातले खेळाडू व प्रशिक्षकही अनेकदा बदललेले असतात.