अक्षर, हरताळ आणि ओवी

मध्ययुगीन युरोपातील चित्रालंकृत ख्रिस्ती पोथ्यांमधील चित्रांना मजकुराची शोभा मानण्याचा प्रघात आहे. ही दृष्टी अपुरी होय. ह्या पोथ्यांपैकी श्रेष्ठ पोथ्यांत अलंकार अक्षराभोवती नसून अक्षरातच असतो. अक्षर हेच प्रतीक होते.

डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील, इ. स. ८०० च्या सुमाराची केल्सची पोथी ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची कथा जेथे आरंभते, तेथे ख्रिस्तनामाची तीन ग्रीक अक्षरे जवळजवळ संपूर्ण पृष्ठ व्यापतात. त्यांच्या वळणांतून मानवी मुखे आणि पतंग डोकावतात. तळाशी मांजरे, उंदीर आणि मासा धरलेले पाणमांजर आहे. सारी सृष्टी जणू त्या नामाच्या आश्रयास आली आहे. शब्दाने देह धारण केल्याचा योहानप्रणीत सिद्धान्त येथे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतो. हे पृष्ठ केवळ वाचण्यासाठी नाही. त्याचे दर्शन घ्यावयाचे आहे.

विशेष हे की, ह्या पोथीत सोन्याचा वर्ख नाही. तिचा सोनेरी भास हरताळाच्या पिवळ्या रंगाचा आहे. आपल्याकडील लेखनिक चुकलेले अक्षर लोपविण्यासाठी त्यावर हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्याच प्रथेची आठवण होय. एकच द्रव्य एका परंपरेत अक्षर उजळते, दुसरीत पुसते. प्रतीकाचा अर्थ द्रव्यात नसून संकेतात असतो, ह्याचे याहून बोलके उदाहरण विरळा.

हाच संकेताचा प्रश्न कोकणात निराळ्या रूपाने उभा राहिला. इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्सचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. देशी लिपीत ग्रंथ छापावेत, अशी त्याची मनापासून इच्छा होती. परंतु युरोपातील चोवीस वर्णांच्या जागी येथील अक्षरांसाठी सुमारे सहाशे ठसे लागतील, ही अडचण त्याने १६०८ च्या पत्रात नमूद केली आहे. ज्या धर्मपरंपरेत अक्षर पूजनीय झाले, तिच्या मराठी पुराणाला मराठी अक्षर मात्र लाभले नाही.

ह्या उणिवेमुळे ‘क्रिस्तपुराणा’स प्रतीकसंपत्तीत दरिद्री ठरविणे योग्य होणार नाही. चित्रकाराचे कार्य येथे ओवीने उचलले. मराठी भाषेची थोरवी सांगताना कवी खड्यांतील रत्न, फुलांतील मोगरा आणि परिमळांतील कस्तुरी यांचे दृष्टान्त देतो. स्वर्गास तो ‘वैकुंठ’ म्हणतो. केल्सच्या चित्रकारांनीही ख्रिस्तपूर्व धातुकामातील सर्पिल आकृती शुभवर्तमानात आणल्या होत्या. दोन्हीकडे जुन्या रूपात नवा आशय भरला गेला. तथापि साम्य येथेच संपते. सर्पिल आकृती स्वतःचा सिद्धान्त बोलत नाही; ‘वैकुंठ’ हा शब्द विष्णूचे स्मरण करून देतोच. म्हणून शब्दाची उसनवारी चित्राच्या उसनवारीहून अधिक धाडसाची ठरते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लंडनच्या मार्स्डेन संग्रहातील ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरी पोथी प्रकाशात आणली. रोमन पाठांत जेथे पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञा आहेत, तेथे तीत अनेकदा संस्कृत शब्द आढळतात. कोणता पाठ मूळचा, हा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट होते : लिपीबरोबर शब्दाचा गोतावळाही बदलतो. दोडामार्गसारख्या सीमाप्रदेशात हे सहज उमगावे. तेथून गोव्यात शिरताच देवनागरीच्या जोडीला रोमन लिपीतील कोकणीही भेटते. लिपीस केवळ ध्वनींचे वस्त्र समजणाऱ्या अभ्यासाला केल्सचे पृष्ठ आणि स्टीफन्सची ओवी, ही दोन्ही अर्धीच कळतील.