प्रकाशकला, संवर्धित वास्तव आणि तन्मयता

लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयातील टर्बाइन हॉलमध्ये ऑक्टोबर २००३ ते मार्च २००४ या काळात ओलाफुर एलियासन यांची ‘द वेदर प्रोजेक्ट’ ही प्रकाशकृती मांडलेली होती. याच कलावंताने २०२० साली, संग्रहालये बंद असताना, ‘वुंडरकामर’ या नावाने ऑगमेंटेड रिॲलिटीतील, म्हणजे संवर्धित वास्तवातील, वस्तूंचा एक संच सादर केला. त्यातही एक सूर्य आहे. तो फोनच्या पडद्यावर आपल्या खोलीत उतरवता येतो. हे दोन सूर्य शेजारी ठेवून पाहिले असता, अनुभवरचनाकारांनी प्रकाशकलेकडून काय घ्यावे या प्रश्नाचे उत्तर प्रचलित समजुतीहून निराळे येते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रचलित समजूत अशी की, भास जितका बिनचूक तितकी तन्मयता गाढ. टर्बाइन हॉलमधील सूर्याने ती खोटी ठरवली. तो पुरा सूर्य नव्हताच. एक अर्धवर्तुळ आणि छताच्या आरशातील त्याचे प्रतिबिंब मिळून वर्तुळ होई. मागे सुमारे २०० एकरंगी दिवे, हवेत यंत्राने सोडलेले विरळ धुके. ही सारी रचना मागच्या बाजूने उघड पाहता येत असे. तरीही माणसे जमिनीवर उताणी पडून आरशातील स्वतःच्या इवल्या आकृती न्याहाळीत, हातपाय पसरून आकार रचीत. त्या प्रकाशात पिवळा व काळा यांखेरीज रंगच उरत नसत. प्रेक्षकाचा सदरा, त्याचा हात, शेजाऱ्याचा चेहरा यांवर त्या सूर्याची सत्ता चाले. प्रेक्षक कृतीसमोर उभा नव्हता, तिच्या द्रव्यात मिसळला होता.

फोनमधील सूर्याचे तसे नाही. खोलीतील उजेडाचा अंदाज कॅमेऱ्यावरून बांधून आभासी वस्तूवर तशी छटा चढवणे फोनला २०१७ पासून साधू लागले आहे. परंतु हा व्यवहार बहुधा एकतर्फी राहतो: खोली सूर्याला उजळते, सूर्य खोलीला उजळत नाही. त्याच्यापुढे धरलेला तळहात होता तसाच राहतो. पारदर्शक चष्म्यांची अडचण तर अधिक मूलभूत आहे. त्यांपैकी बहुतेक दृश्यात प्रकाशाची भर घालतात, वजाबाकी करू शकत नाहीत. तेथे काळा रंग म्हणजे निव्वळ पारदर्शकता. मग सावली पडावी कशी? जिचे अर्धे भांडवल सावली आहे, त्या कलेच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ नव्हे.

येथे शंकुकाचा चित्रतुरगन्याय आठवतो. चित्रातील घोड्याची प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय व सादृश्य या चारही प्रतीतींहून वेगळी असते, हे त्याचे निरीक्षण फोनमधील सूर्यालाही लागू पडते. (अभिनवगुप्ताने शंकुकाच्या अनुमितिवादाचे खंडन केले, दृष्टांत मात्र टिकून राहिला, याचे आमच्या विद्यार्थ्यांना बहुधा विस्मरण होते.) मग तन्मयतेला एवढी प्रतीती पुरेशी नाही काय? चित्रापुरती आहे. परंतु चित्राला चौकट असते, ते प्रेक्षकाच्या खोलीवर हक्क सांगत नाही. संवर्धित वास्तव तो सांगते, आणि तेव्हा खोलीची साक्ष काढावीच लागते.

ही साक्ष मिळवण्यास आकृती अधिक रेखीव करणे हा उपाय नव्हे. आभासी सूर्य मावळू लागताच खोलीतील खरा दिवाही मंद झाला, तांबूस झाला, तर प्रेक्षकाचा हात त्या घटनेत सामील होईल. नियंत्रित दिवे आज घरोघरी मिळू शकतात. तेव्हा खर्चाची सबबही फारशी टिकत नाही. एक गोष्ट मात्र अशा दिव्यानेही साधणार नाही. टर्बाइन हॉलच्या आरशात आपल्या आकृतीशेजारी अनोळखी माणसे दिसत, आणि त्यांतली काही हात हलवून खूण करीत.