आंसिक्लोपेदीतील उद्योगचित्रे

दनी दीद्रो (१७१३–८४) व झां दालांबेर (१७१७–८३) यांनी संपादिलेल्या फ्रेंच ज्ञानकोशातील, हस्तव्यवसायांची साधने व निर्मितिप्रक्रिया दाखविणारी ताम्रपटांवर कोरलेली चित्रे. कोशाच्या संहितेचे १७ खंड १७५१–६५ मध्ये, तर चित्रपत्रांचे ११ खंड १७६२–७२ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रपत्रांची एकूण संख्या सु. २,९०० असून त्यांपैकी ९०० हून अधिक लुई-झाक गूस्ये या एकाच चित्रकाराने रेखाटली.

विद्वत्कोशात हस्तव्यवसायांना एवढे मानाचे स्थान देणे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. दीद्रो हा लांग्र येथील चाकूसुऱ्या घडविणाऱ्या कारागिराचा मुलगा. मोजे विणण्याच्या यंत्रावरील दीर्घ नोंद त्याने स्वतः लिहिली. माहिती प्रत्यक्ष कर्मशाळांतून मिळविल्याचा संपादकांचा दावा मात्र पूर्णतः स्वीकारता येत नाही. विज्ञान अकादमीसाठी रेओम्यूरने तयार करवून घेतलेल्या चित्रांची नक्कल केल्याचा जाहीर आरोप १७५९ मध्ये झाला व तो निराधार नव्हता.

अनेक चित्रपत्रांत वरच्या भागात कर्मशाळेचे दृश्य व खाली सुटी अवजारे, अक्षरांकित खुणांसह, अशी मांडणी आढळते. टाचणीचे उदाहरण बोलके आहे. देलेरने कारागिरांच्या कर्मशाळेतच बसून लिहिलेल्या नोंदीत (१७५५) टाचणी तयार होईपर्यंतच्या १८ क्रिया सांगितल्या आहेत. ॲडम स्मिथच्या १७७६ मधील ग्रंथातही टाचणीच्या संदर्भात हाच आकडा येतो. तार ओढणे, तुकडे तोडणे, टोके घासणे, डोकी बसविणे हे सारे वाचकास चित्रांवरून नीट उमगते. पण चित्रातील खोली ऐसपैस व स्वच्छ, माणसे मोजकी आणि त्यांचे चेहरे निर्विकार आहेत. टोके घासताना उडणारी पितळेची धूळ त्यांत कोठेही नाही. अवजार जितके स्पष्ट, तितका ते चालविणारा पुसट.

आपल्या साधनांविषयी थोड्याफार स्पष्टपणे बोलू शकणारे कारागीर हजारांत जेमतेम डझनभर भेटतात, अशी तक्रार दीद्रोने १७५० च्या माहितीपत्रकात केली होती. हा दोष त्याने कारागिराच्या पदरी टाकला, हे अन्यायाचे वाटते. श्रेणीची गुपिते उघड करण्यात कारागिराचा तोटाच होता. शिवाय वितळलेल्या काचेचा रंग पाहून किंवा ताणलेल्या तारेचा अंदाज घेऊन होणारा निर्णय शब्दांत व रेषांत क्वचितच उतरतो. या चित्रांवरून यंत्राची प्रतिकृती कदाचित बनविता येईल. टाचणी बनविणे मात्र शिकता येणार नाही.