चावी तिजोरीत, पण सही कशावर?

हार्डवेअर वॉलेटच्या जाहिरातीत एक दावा ठरलेला असतो: तुमची चावी या यंत्राच्या बाहेर कधीच जात नाही. दावा बहुतेक वेळा खरा असतो. माझी तक्रार वेगळी आहे. हे चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे, आणि २०२४ व २०२५ मधल्या दोन मोठ्या चोऱ्यांनी ते चांगलंच उघडं पाडलंय.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. बिटकॉइन किंवा इथर वॉलेटमध्ये नसतंच, ते ब्लॉकचेनवरच्या नोंदींत असतं. वॉलेटमध्ये असते ती फक्त खाजगी चावी, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. ती वापरून व्यवहारावर डिजिटल सही करता येते. ही संख्या लॅपटॉपवर ठेवली तर एखादा व्हायरस ती उचलू शकतो. म्हणून पेनड्राइव्हएवढं वेगळं यंत्र: लॅपटॉप त्याच्याकडे व्यवहार पाठवतो, यंत्र आतल्या आत सही करतं आणि फक्त सही बाहेर येते. प्रागच्या सातोशीलॅब्जने २०१४ मध्ये ट्रेझर बाजारात आणलं. फ्रान्सची लेजर कंपनीही त्याच वर्षीची.

या विषयातलं बरंचसं संशोधन 'चावी बाहेर काढता येते का' याच प्रश्नाभोवती फिरतं. ते भारी असतं, नाही म्हणत नाही. २०२० मध्ये क्रॅकेन सिक्युरिटी लॅब्जने दाखवलं की ट्रेझर साधारण १५ मिनिटं हातात मिळालं, तर चिपच्या वीजपुरवठ्याला नेमक्या क्षणी झटका देऊन आतली कुलूपबंद माहिती काढून घेता येते. मग पिन शोधणं हे कॉम्प्युटरचं काम. असे पेपर वाचायला मजा येते. पण त्यासाठी तुमचं यंत्र चोराच्या हातात पडावं लागतं, आणि वेगळा पासफ्रेज लावलेला असेल तर एवढ्याने त्याचं काम भागत नाही. हजारो किलोमीटर लांब बसलेल्या चोराला तर याचा काहीच उपयोग नाही.

आता मुंबईचं उदाहरण घ्या. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीची क्रिप्टो गेली. हे वॉलेट कुणा एकाच्या हातात नव्हतं. सह्या करणारे सहाजण होते: पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या कस्टडी कंपनीचा. व्यवहार व्हायला वझीरएक्सच्या तिघांची आणि शेवटी लिमिनलची सही लागायची. वझीरएक्सची माणसं हार्डवेअर वॉलेटच वापरत होती. म्हणजे पुस्तकात सांगितलेलं सगळं केलेलं! कंपनीच्या निवेदनानुसार पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही झाली ती भलत्याच मजकुरावर. दोष कुणाच्या यंत्रणेत होता यावरून दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. ते भांडण बाजूला ठेवू. हा घटनाक्रम खरा धरला, तर चोरांना चावी चोरायची गरजच पडली नाही.

मग २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट. सुमारे १५० कोटी डॉलरचं इथर गेलं, आणि एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. सेफ नावाच्या वॉलेटच्या वेबपेजमध्ये हल्लेखोरांनी कोड घुसवला होता. सह्या करणाऱ्यांना वाटलं, नेहमीसारखे पैसे इकडून तिकडे चाललेत. प्रत्यक्षात तो व्यवहार वॉलेटचे नियमच बदलत होता. सही करणाऱ्यांत कंपनीचे प्रमुख बेन झोऊ स्वतः होते.

इथे मला खरा घोळ दिसतो. अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटमागचा हिशोब असा: एकाला फसवण्याची शक्यता कमी, तर तिघांना एकदम फसवण्याची आणखी कमी. पण हा गुणाकार तिघं खरोखर स्वतंत्र असतील तरच चालतो. यंत्रं तीन, चाव्या तीन, आणि विश्वास मात्र तिघांचा एकाच वेबपेजवर! यंत्राच्या पडद्याने इथे वाचवायला हवं होतं. तो किती मोठा असतो? लेजर नॅनो एसचा १२८ बाय ३२ ठिपक्यांचा होता. व्यवहार गुंतागुंतीचा असला की अशा पडद्यावर येतो हॅश, म्हणजे ६४ अक्षर-आकड्यांची माळ. तिच्यावरून कुणाला काय कळणार?

याला ब्लाइंड सायनिंग म्हणतात. आपल्याकडचा जुना शब्द अंगठा. सावकार वाचून दाखवणार, कुळ अंगठा उठवणार. सुप्याला १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर करायची सोय केली. सावकाराने वाचलेलं पुरेसं नाही, तिसरा माणूस हवा, हे तेव्हाच्या सरकारलाही कळलं होतं.

यावर कंपन्यांचा ठराविक सल्ला: सही करण्यापूर्वी नीट तपासा. १९९९ मध्ये व्हिटन आणि टायगर यांनी पीजीपी ५.० वर एक प्रयोग केला होता. १२ जणांना ९० मिनिटं दिली, आणि ईमेलवर सही करून तो बरोबर कूटबद्ध करणं एक तृतीयांश लोकांनाच जमलं. सॉफ्टवेअर तुटलेलं नव्हतं, गणितही पक्कं होतं. इतक्या वर्षांनी पुन्हा 'नीट तपासा' असं ऐकलं की माझी चिडचिड होते.

शिवाय बायबिटच्या व्यवहारात तपासण्यासारखं काहीतरी होतं. सेफच्या व्यवहारात 'ऑपरेशन' नावाचा रकाना असतो. साधे पैसे पाठवताना तिथे ० असतं. त्या दिवशी १ होतं. १ म्हणजे दुसऱ्याचा कोड माझ्या वॉलेटच्या अधिकाराने चालव. १ असणं नेहमीच वाईट नसतं, बरेच व्यवहार एकगठ्ठा करतानाही ते येतं. पण एवढी एक ओळ साध्या भाषेत दाखवायला छोटा पडदाही पुरला असता. लेजरने पुढे केलेलं ईआरसी-७७३० हे मानक त्याच दिशेचं आहे: कुठला व्यवहार माणसाला कसा वाचून दाखवायचा, याचं वर्णन एका फाइलमध्ये द्यायचं. कल्पना मला पटते. प्रश्न एवढाच की फाइल लिहिणार कोण आणि ती तपासणार कोण. गावचा निबंधक इथेही लागतोच.

आणि साध्या भाषेत म्हणजे कुठल्या? चावी परत मिळवायला जे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून ठेवायचे असतात, ते २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. बीआयपी-३९ मध्ये ही यादी इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि चक्क चेकमध्येही आहे. भारतीय भाषा एकही नाही. मराठीची यादी करायची झाली तर ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरांचं काय करायचं हा स्वतंत्र आणि मजेदार प्रश्न आहे, त्यावर पुढच्या वेळी लिहितो.