सरकारी वकिलाचे मौन : ‘प्रिझ्युम्ड इनोसंट’ या कादंबरीतील प्रेम, पुरावा आणि निवेदन

न्यायालयीन रहस्यकथा हा कथाप्रकार मराठी समीक्षेने बहुधा रंजनपर साहित्याच्या खात्यात टाकून दिलेला आहे. वाचनालयांतून मात्र तो भरपूर वाचला गेला. अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांचा पेरी मेसन आणि सुहास शिरवळकर यांचा बॅरिस्टर अमर विश्वास या वकील-नायकांचा वाचकवर्ग मोठा होता. पेरी मेसन हा बचाव पक्षाचा वकील; निरपराध माणसाला सोडवणे हे त्याचे ठरलेले कार्य. स्कॉट टुरो यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिझ्युम्ड इनोसंट’ या कादंबरीत ही दिशा उलटी केली. तिचा नायक रस्टी सॅबिच हा आरोप ठेवणारा, म्हणजे सरकार पक्षाचा वकील आहे. ज्या स्त्रीच्या खुनाचा तपास त्याच्याकडे सोपवला जातो, तिच्यावर त्याचे प्रेम होते. या प्रेमाचा कादंबरीच्या न्यायविषयक आशयाशी नेमका कोणता संबंध आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

टुरो यांचा या क्षेत्राशी असलेला परिचय पुस्तकी नव्हता. हार्वर्ड येथे कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर 1978 ते 1986 या काळात ते शिकागो येथे केंद्र सरकारच्या अभियोक्ता कार्यालयात काम करीत होते. न्यायाधीशांच्या लाचखोरीचा तेथे जो मोठा तपास झाला, त्याच्याशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध होता. कादंबरीतील ‘किंडल काउंटी’ हा परगणा काल्पनिक असला तरी तेथील कचेरीचे राजकारण इतके सहज उतरले आहे, त्याचे कारण येथे सापडते.

हे राजकारण मराठी वाचकाने आधी समजून घेणे आवश्यक ठरते. आपल्याकडे सत्र न्यायालयात खटला चालवणारा सरकारी वकील शासनाकडून नियुक्त होतो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रमुख अभियोक्ता लोकांच्या मतांवर निवडून येतो. त्यामुळे कॅरोलिन पोलहेमस या सहकारी वकील स्त्रीचा खून होताच प्रमुख अभियोक्ता रेमंड होर्गन याला प्रथम निवडणूक आठवते. तो तपास रस्टीकडे देतो. निवडणुकीत होर्गन हरतो, प्रतिस्पर्धी निको डेला ग्वार्डिया सत्तेवर येतो आणि कालचा अभियोक्ता आज आरोपी म्हणून उभा राहतो. खटला ज्युरीसमोर चालतो. आपल्या वाचकाला ज्युरी आठवते ती 1959 च्या नानावटी खटल्यामुळे. आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला तो निर्दोषत्वाचा कौल मुंबई उच्च न्यायालयाने पुढे फिरवला. तेथेही प्रकरणाच्या मुळाशी प्रेम आणि विवाह होते, हा योगायोग लक्षणीय आहे; परंतु हे साम्य अधिक ताणण्यात अर्थ नाही.

कादंबरीचा आरंभ रस्टीच्या व्यावसायिक सवयीच्या वर्णनाने होतो. ज्युरीसमोर उभे राहून आपली ओळख कशी करून द्यायची आणि आरोपीकडे थेट बोट कसे दाखवायचे, हे तो सांगतो. अभियोक्त्यालाच बोट दाखवण्याचे धैर्य नसेल, तर ज्युरीने दोषी ठरवण्याचे धैर्य कोठून आणावे, ही त्याला मिळालेली शिकवण आहे. सर्व कथानक या एका हावभावाभोवती फिरते. रस्टी कॅरोलिनशी असलेले आपले संबंध कचेरीपासून लपवून तपास स्वीकारतो. व्यावसायिक नीतीच्या भाषेत हा हितसंबंधांचा उघड संघर्ष होय. वाचकाला मात्र तो हे संबंध बऱ्याच लवकर सांगून टाकतो, आणि टुरो यांचे निवेदनतंत्र येथेच कसोटीला उतरते. प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी निवेदनामुळे रस्टी आपल्यासमोर कबुलीजबाब देत आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो मुरलेला वकील आहे. कोणती वस्तुस्थिती केव्हा मांडायची आणि कोणती झाकून ठेवायची, हे त्याला पक्के ठाऊक आहे. प्रेमाची कबुली देऊन मिळवलेला विश्वास तो पुढे दुसऱ्या गोष्टीच्या मौनासाठी वापरतो. रहस्यकथेतील लबाड निवेदक ही नवी युक्ती नाही. परंतु ती सरकारी वकिलाच्या तोंडी दिल्याने तिला नैतिक वजन प्राप्त होते.

या प्रेमकथेची सुरुवातही कामातूनच होते. आईकडून छळ झालेल्या एका लहान मुलाच्या खटल्यात रस्टी आणि कॅरोलिन एकत्र काम करतात. त्या मुलाशी वागतानाचे तिचे मार्दव पाहून तो गुंतत जातो. कादंबरीतील सर्वांत चांगली पाने हीच. येथे कॅरोलिन क्षणभर माणूस म्हणून दिसते. एरवी ती पुरुषांच्या साक्षीतूनच उभी राहते : महत्त्वाकांक्षी, मोहक, वरिष्ठांना वापरून पुढे गेलेली. खटल्यात तर विलक्षण स्थिती निर्माण होते. न्यायासनावर बसलेले न्यायमूर्ती लिटल, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आलेला होर्गन आणि आरोपी रस्टी या तिघांचेही तिच्याशी कधी ना कधी संबंध होते. मृत स्त्रीविषयी बोलण्याचा अधिकार ज्या सभागृहात केवळ तिच्या माजी प्रियकरांकडेच उरतो, तेथे तिची बाजू कोणी मांडावी? फौजदारी खटल्यात सरकारी वकील शासनाच्या वतीने उभा असतो हे खरे. पण मृताला त्याच्याखेरीज दुसरा आवाजही नसतो. टुरो यांनी ही विसंगती निर्माण केली. तिची पूर्ण जाणीव त्यांना होती असे मात्र म्हणवत नाही. कॅरोलिनच्या चारित्र्याची चर्चा वाढत जाते आणि तिच्या मृत्यूचे दुःख पानोपानी कमी होत जाते, ही या कादंबरीची खरी उणीव आहे.

न्यायालयीन प्रसंगांची बांधणी मात्र निर्विवाद आहे. सँडी स्टर्न हा रस्टीचा वकील उलटतपासणीत आवाज चढवत नाही. शवविच्छेदनात सापडलेले गर्भनिरोधक रसायन आणि कॅरोलिनची पूर्वी झालेली संततिनियमनाची शस्त्रक्रिया या दोन गोष्टी तो शेजारी ठेवतो आणि सरकार पक्षाचा वैद्यकीय पुरावा कोसळतो. बोटांचे ठसे असलेला पेला मुद्देमालातून नाहीसा झालेला असतो. न्यायमूर्ती खटला मध्येच निकालात काढतात. आणि त्यांनी तसे का केले असावे याचे उत्तर जुन्या लाचखोरीच्या एका फाइलीकडे बोट दाखवते. निर्दोष मुक्तता योग्य आहे, पण तिच्यामागील हेतू स्वच्छ नाहीत. कायद्याच्या यंत्रणेवरची इतकी शांत टीका लोकप्रिय कादंबरीत क्वचित आढळते.

शेवटी पेला रस्टीच्या पोलीस मित्राकडेच निघतो आणि खुनी बार्बरा, म्हणजे रस्टीची पत्नी, हे उघड होते. ती कॅरोलिनला मारते आणि पुरावा पतीकडे वळेल अशी मांडणी करते. अभियोक्त्याला सत्य गवसलेले असते, परंतु तो बोट दाखवत नाही. आपल्या मुलाची आई त्याच्यापासून हिरावून घेणे त्याला शक्य नाही. याला क्षमा म्हणावे की अपराधातील सहभाग? दीर्घ काळ पत्नीशी प्रतारणा केलेल्या पुरुषाला न्यायाची भाषा उच्चारण्याचा अधिकार उरतो का, हा प्रश्न त्याच्या मौनात आहे. पण त्या मौनाची किंमत पुन्हा एकदा कॅरोलिनच देते.

अ‍ॅलन पाकुला यांच्या 1990 च्या चित्रपटात हॅरिसन फोर्ड यांनी हा शेवट जवळजवळ निश्चल चेहऱ्याने पेलला आहे. 2024 च्या आठ भागांच्या मालिकेत डेव्हिड केली यांनी तो बदलला. तेथे खुनी रस्टीची अल्पवयीन मुलगी आहे. प्रेत पाहून पत्नीनेच हे केले असा समज झालेला रस्टी, तपासाची दिशा चुकवण्यासाठी, मृतदेह स्वतःच दोरीने बांधतो. या बदलामुळे दाम्पत्यातील सूड गळाला आणि त्याच्या जागी मुलांचे रक्षण हा सहज पटणारा हेतू आला. नाट्य वाढले, परंतु मूळ कादंबरीतील अवघड प्रश्न सौम्य झाला. मुलीला वाचवणाऱ्या बापाला प्रेक्षक पटकन माफ करतो. बार्बराशेजारी बसून काहीही न बोलणाऱ्या सरकारी वकिलाला माफ करणे इतके सोपे नव्हते.